विमानानं पळालेली पोट्टी

आमच्या गावात मी विमानानं पळून गेलेली पोट्टी आहे. पळाले म्हणतात त्या वेळी मी नागपुरात, सक्करदऱ्याजवळच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये स्टुलावर उभी होते आणि माझ्या हातात सुतळी होती. विमान मी आजवर फक्त खालून पाहिलंय. पण गावाला त्याचं काय! गावाला गोष्ट पाहिजे होती, ती मिळाली.

पहिल्यापासून सांगते. मधूनच सांगितलं की लोक हसतात, आणि मला अजून त्यात हसू येत नाही.

आमचं गाव कुहीच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं. बारावी कुहीत झाली आणि बीएस्सीला मी नागपूरला येऊ लागले. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. माझ्याजवळ फोन नव्हता. आई काळजी करायची, पण काळजी करून करणार काय, मला गाठायला रस्ताच नव्हता. बसमध्ये चढले की परत गावात उतरेपर्यंत मी कोणाच्याच हाती लागत नव्हते. फार काही दिवे लावत होते असं नाही. एखादा तास बुडवायचा, कॉलेजजवळच्या तळ्याच्या पाळीवर बसायचं, मैत्रिणीसोबत तर्री पोहे खायचे, नाकातून पाणी काढत हसायचं आणि बस पकडायची. पण त्या अख्ख्या दिवसात मला ‘कुठी आहेस’ असं कोणी विचारत नव्हतं. ते किती मोठं होतं हे मला तेव्हा कळलं नाही.

मग आमचे फिजिक्सचे सर आले. नवे होते, तरुण होते आणि भयंकर उत्साही होते. उत्साही माणसाचा मला तेव्हापासून धसका आहे. आमच्या लॅबमधली वेळ मोजायची घड्याळं अशी होती की काही सुरू होत नसत आणि जी सुरू होत ती थांबत नसत. सरांनी ती सगळी कपाटात टाकली आणि म्हणाले, ‘‘तुमच्या खिशातच अख्खी लॅब आहे. काढा बाहेर.’’ सगळ्यांनी फोन काढले. माझ्या खिशात रुमाल होता.

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. फोन किती हलला, किती वळला, आवाज किती, उजेड किती, लोहचुंबक जवळ आहे की नाही, हे सगळं फोनला कळतं. एक फुकटचं ॲप टाकलं की त्याचा आलेख पडद्यावर उमटत जातो. सर म्हणाले, यापुढे निम्मे प्रयोग फोनवरच होणार, मार्कही त्याचेच, तेव्हा प्रत्येकाला फोन लागेल. मी घरी जाऊन तांडव केलं. जेवले नाही, बोलले नाही, शेवटी रडले. फोन पाहिजे म्हणजे पाहिजे. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ना, तसा मी तो धोंडा रडून, उपाशी राहून मागून घेतला.

बाबांनी फोन आणला. डबा त्यांनीच उघडला, आपला नंबर त्यांनीच टाकला आणि माझ्या हातात देताना म्हणाले, ‘‘घे. पण एकच गोष्ट आहे, बेटा. मी फोन लावला का लागला पायजे.’’

मी म्हटलं, ‘‘हाव.’’ इतकी खूश होते की त्यांनी आणखी काही मागितलं असतं तरी मी हाव म्हटलं असतं.

आणि सुरू झालं. बसमध्ये चढले की फोन. ‘‘जागा भेटली का?’’ शहराच्या तोंडाशी दिघोरी आली की फोन. ‘‘कुठी आहेस?’’ कॉलेजच्या पायऱ्या चढताना फोन, डबा उघडताना फोन, डबा झाकताना फोन. बाबा वाईट माणूस नाहीत हो. आवाज चढवून बोलायचा स्वभावच नाही त्यांचा. ‘‘काही नाही, असाच लावला,’’ म्हणायचे. मला वाटायचं, एखाद्या वेळी तरी रागावून लावा, म्हणजे मलाही उलटून बोलता येईल. प्रेमानं आलेला फोन कसा कापायचा?

एकदा तळ्यावर गेले आणि फोन आला. म्हटलं, क्लासमध्ये आहे. मागून पोहेवाला ओरडला, ‘‘तर्री अजून देऊ का?’’ बाबा म्हणाले, ‘‘हे कोण बोलून राहिलं?’’ मी म्हटलं, सर. ‘‘सर तर्री देऊन राहिले?’’ बाबांना हसू आलं असावं, पण त्या दिवसापासून फोन वाढले आणि मी तळ्यावर जाणं सोडलं. पोहे मैत्रीण पुडीत बांधून आणायची. गार तर्रीत काय जीव असतो! पण तेच खायचे.

खोटं कशाला बोलू, प्रयोग मात्र मला आवडायचे. बसमध्ये फोन मांडीवर ठेवून मी उमरेड रोडच्या खड्ड्यांचा आलेख काढायचे. पुढेपुढे डोळे मिटून नुसत्या हिसक्यांवरून सांगायचे, आता कोणतं गाव आलं. सर म्हणाले, ही पोरगी पुढे जाईल. हे वाक्य मी घरी तीनदा सांगितलं. आईनं प्रत्येक वेळी विचारलं, ‘‘कुठं जाईल म्हंते?’’

आता त्या दिवसाचं. प्रयोग लंबकाचा होता. लोखंडी गोळ्याच्या जागी फोनच टांगायचा. कापडी पिशवीत फोन, पिशवीला दोन बाजूंनी सुतळी, वर लोखंडी दांड्याला गाठ. झोका द्यायचा आणि फोन स्वतःचेच हेलकावे मोजतो. सरांची एक सक्त अट होती, ‘‘सगळे फोन फ्लाइट मोडवर! मधे कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं, आणि फोन थरथरला की आलेखाचा सत्यानाश.’’ फ्लाइट मोड म्हणजे ते छोट्या विमानाचं चित्र. ते दाबलं की फोन चालू राहतो, पण बाहेरचा कोणी त्याला गाठू शकत नाही. मी एरवी ते बटण दाबायला भ्यायचे. त्या दिवशी बाबा धान चुरण्यात, मळणीत असतील, नाही लावणार, असं मनाला समजावलं आणि दाबलं.

माझी जोडीदार मैत्रीण जरीपटक्याची. तिच्या घरी सिंधी, बाजारात हिंदी, आणि मराठी आमच्याकडून शिकलेली, म्हणजे निम्म्या शिव्या. अडीअडचणीला असू दे म्हणून आईजवळ तिचा नंबर होता. मी स्टुलावर चढून फोन टांगला, झोका दिला आणि तोंडातल्या तोंडात हेलकावे मोजायला लागले. मोजताना बोलता येत नाही. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला; तो टांगायचा नव्हता म्हणून तिनं विमान दाबलंच नव्हतं. माझी आई होती.

‘‘माह्या पोरीचा फोन नाही लागून राहिला वं. कुठी आहे ते?’’

मैत्रीण म्हणाली, ‘‘आंटी, वो अभी फ्लाइट मोड पे है. ऊपर लटका है. दस मिनट में उतारती हूँ, फिर बात कराती हूँ.’’

मी हे सगळं ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझे हेलकावे चालू होते. त्यात चूक तरी काय होती? ‘वो’ म्हणजे फोन.

पण आईचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं. तिथे फ्लाइट म्हणजे एकच गोष्ट. पोरगी रडत रडत बॅग ओढत जाते आणि मागे सगळं घर ‘रुक जाओ’ म्हणत धावतं. त्यात आईच्या फोनचा कानाशी धरायचा भाग बिघडलेला, फोन फक्त स्पीकरवर चालतो. आणि आई उभी होती शेजारच्या अंगणात, जिथे साऱ्या बाया वड्या घालत बसल्या होत्या. फ्लाइट, ऊपर, दस मिनट में उतरती. सगळ्यांनी सोबतच ऐकलं, आणि ‘उतारती’चं ‘उतरती’ झालं. आई मटकन खाली बसली, वड्यांच्या ताटावरच. एका बाईनं म्हणे विचारलं, ‘‘कोणासंग गेली?’’ झालं. जो माणूस जगात नव्हता तो तिथं, त्या अंगणात, जन्माला आला.

माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, त्यांनी कोणाची तरी मोटरसायकल घेतली, बाबांना मागे बसवलं आणि दोघं निघाले. कॉलेजात? छे! विमानतळावर. उमरेड रोडनं आमच्या कॉलेजाच्या जवळून गेले ते दोघं. आलेख नीट येईना म्हणून दहा मिनिटांचा दीड तास झाला होता. मी आत फोन खाली उतरवून बघते तर आईचे, बाबांचे, कोणाकोणाचे कॉल येऊन गेल्याचे मेसेज. आई उचलेना, म्हणून बाबांना लावला. बाबांच्या फोनची रिंग म्हणजे कोंबड्याची बांग. मामाच्या पोरानं गमतीत टाकून दिली आणि बाबांना ती काढता येत नाही. तो कोंबडा त्यांच्या खिशात आरवत राहिला असणार, पण गाडीवर कोणाला ऐकू येतो! विमानतळाच्या दारावर बंदूकवाल्यानं तिकीट मागितलं. मोठेबाबा म्हणाले, ‘‘तिकीट कायचं? आमची पोट्टी वर आहे, दहा मिनिटांत उतरते, तेवढी पाहू द्या.’’ हे नंतर बाबांनीच सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती.

शेवटी तिथंच त्यांनी फोन उचलला. मी म्हटलं, बाबा, मी लॅबमध्ये आहे. बाबा म्हणाले, ‘‘तिथंच राहाय. हालू नको.’’

दोघं मला घ्यायला आले. गाडीवर तिघं. गावात शिरलो तेव्हा लोक दारात उभे. खरं काय ते मी सांगितलं, बाबांनी सांगितलं, मैत्रिणीनं फोनवर माफी मागून सांगितलं. लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, ‘‘असन बा तसंच असन.’’ ‘असन’, म्हणजे असेल, म्हटलं की संपलं. यापेक्षा तोंडावर खोटारडी म्हटलेलं बरं. पोरं हात पसरून घूँऽऽ करत माझ्या मागे पळायची. मला विमानवाली नाव पडलं. काय करू, प्रत्येकाच्या कानाशी जाऊन लंबकाचा नियम सांगू?

मोठेबाबा दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओसरीत येऊन बसले. म्हणाले, ‘‘खरं असो का खोटं असो, बोभाटा झाला न? पाहून घे पोरगा, लग्न उरकून टाक.’’ बाबा म्हणाले, ‘‘शिकून राहिली न ते, भाऊ.’’ तेव्हा मोठेबाबांनी जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, ‘‘तेच त म्हंतो मी. फोनवर शिकून राहिली न? सर फोनवर, प्रयोग फोनवर. मंग कॉलेज कायले पायजे? फोन त घरी बी चालते.’’

याला उत्तर होतं का तुमच्याजवळ? बाबांनी माझा बसचा पास कपाटात ठेवून दिला. कॉलेज बंद झालं.

मी सरांना फोन केला. वाटलं, सर रागावतील, कॉलेजचं पत्र येईल, काहीतरी होईल. सर म्हणाले, ‘‘अगं टेन्शन नको घेऊस! हीच तर गंमत आहे या पद्धतीची. घरी करून पाठव.’’ आणि खरंच प्रयोग पाठवायला लागले. मी ओरडले असते, पण घरात सगळे होते.

तो हिवाळा मी घरात फिजिक्स केलं. स्टीलच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या हंड्यात, आवाज सोडून पाहिला, चुलीजवळ उजेड मोजला, फोन भिंतीवरून फिरवून खिळे कुठे ठोकलेत ते शोधलं. दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत. फोन हातात, नेटवर्क फुल्ल, सगळ्या जगाचं ज्ञान त्यात, आणि मला साधं अंगणाबाहेर जायचं तर आई पदर सावरत मागे. रात्री मैत्रीण लॅबचे फोटो पाठवायची. माझं स्टूल रिकामं दिसलं की डोकं फिरायचं. एकदा तर फोन धानाच्या कोठीत फेकून दिला. तिथूनही वाजला. बाबा होते, बांधीतून. ‘‘कुठी आहेस?’’ मी ओरडले, ‘‘कुठी जाऊ? सांगा न, कुठी जाऊ मी?’’ बाबा म्हणाले, ‘‘काही नाही, असाच लावला.’’

एक फट राहिली होती. वर्षाच्या शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. ती घरून फोनवर होत नाही. बाहेरचे परीक्षक येतात, समोर उभं राहून प्रयोग करावा लागतो. ती बुडाली की वर्ष बुडालं, आणि वर्ष बुडालं की मोठेबाबांनी पाहून ठेवलेला पोरगा होताच, उमरेडकडचा. तो म्हणे, मुलीला विमानात बसायची हौस असेल तर बसवू. किती विनोदी माणूस! तेव्हा माझं सगळं त्या एका सकाळवर टांगलेलं होतं, आणि ती सकाळ बाबांच्या हातात होती.

मी बोलून थकले होते. म्हणून एका दुपारी मी बाबांना अंगणात बोलावलं. कडुनिंबाच्या फांदीला सुतळी बांधली, पिशवीत फोन टांगला, ते विमानाचं बटण त्यांच्या डोळ्यांसमोर दाबलं आणि झोका दिला.

‘‘लावा,’’ म्हटलं.

‘‘काय?’’

‘‘मले फोन लावा.’’

बाबांनी लावला. त्यांच्या फोनमधली बाई म्हणाली की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांनी पुन्हा लावला. बाई पुन्हा तेच म्हणाली. फोन दोघांच्या मधे झुलत होता.

‘‘पण तू त इथीच आहेस,’’ बाबा म्हणाले.

‘‘हाव बाबा. तेव्हा बी मी तिथीच होती.’’

बाबांनी हातानं ती झुलती पिशवी थांबवली. डोळे पुसले का काय, मी पाहिलं नाही, मला पाहायचं नव्हतं. म्हणाले, ‘‘परीक्षेले जाय. भाऊले मी सांगतो. पण लागला पायजे.’’

मी कपाळावर हात मारला. ‘‘बाबा! परीक्षेत हेच करा लागते. फोन आला का सगळं बिघडते.’’

त्यांनी विचार केला. ‘‘मंग तू ते विमान दाबू नको. आणि मी फोन नाही करत. शब्द.’’

बाबांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला माहीत होतं. पण त्यांचा हातही मला माहीत होता. तो आपोआप खिशात जातो.

परीक्षेच्या दिवशी सकाळची बस पकडली. जागा मिळाली, फोन नाही. दिघोरी आली, फोन नाही. मीच दोनदा फोन काढून पाहिला. लॅबमध्ये परीक्षक आले, चष्मा नाकावर, चेहरा कारल्यासारखा. सर म्हणाले, ‘‘सगळ्यांनी फ्लाइट मोड!’’ मी विमानावर बोट नेलं आणि थांबले. दाबलं, आणि नेमका बाबांनी लावला, आणि लागला नाही, तर पुन्हा विमानतळ. नाही दाबलं आणि आला, तर कोंबडं कापल्यासारखी माझी परीक्षा तिथंच संपली. दोन्हीकडून मीच मरणार. सरांकडे पाहून मी मान हलवली, दाबलं म्हणून. दाबलं नव्हतं.

झोका दिला. इतर पोरी आलेखाकडे पाहत होत्या. मी पिशवीकडे पाहत होते, की आता ती थरथरेल. मैत्रीण शेजारच्या टेबलावरून डोळे वटारून विचारत होती, काय झालं? मी तिला काय सांगू? बाबा, नका लावू, नका लावू, एवढंच मनात म्हणत होते. असं मी देवालाही कधी मागितलं नाही.

नाही लावला. आलेख स्वच्छ आला. परीक्षकांनी तो पाहिला, मला तीन-चार प्रश्न विचारले आणि पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, ‘‘चांगलं आलंय.’’ मी बाहेर पडले ती उड्या मारतच. पायऱ्यांवर बसून फोन पाहिला. एकही मिस्ड कॉल नाही. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं. आणि गंमत पाहा, मलाच भीती वाटली. बाबा ठीक असतील ना? साप-विंचू काही? मी आपणहून बाबांना फोन लावला.

गेटच्या पलीकडे, भर दुपारी, कोंबडा आरवला.

मी जाऊन पाहते तर बाबा. चौकीदाराच्या खुर्चीशेजारी एका दगडावर बसलेले, धोतराच्या रंगाचा धुतलेला सदरा, हातात चहाचा कप. मला पाहून उभे राहिले.

‘‘तुम्ही केव्हा आले?’’

‘‘तुह्या मागच्या बसनं.’’

‘‘सकाळपासून इथं?’’

‘‘फोन नाही न कराचा होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘शब्द देल्ला होता तुले. मंग म्हटलं, आपणच जाऊन बसाव.’’ आणि हसले. इतके समाधानानं हसले की मला रडू फुटलं. कशाचं ते मला नीट सांगता येणार नाही. चांगलं वाटलं म्हणूनही आणि पळून जावंसं वाटलं म्हणूनही. बाबांना वाटलं, पेपर वाईट गेला. चांगला गेला म्हटल्यावर त्यांनी माझी बॅग खांद्यावर घेतली आणि बसस्टॉपकडे चालता चालता म्हणाले, ‘‘चौकीदार चांगला माणूस आहे. म्हंते, येत जा. भाऊले मी सांगून टाकतो, पोरगी पुढच्या साली बी जाते. मी राहीन संग.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज. मले कायचं काम आहे आता?’’

मी पास झाले. उमरेडवाला विनोदी माणूस दुसऱ्या कोणाला विमानात बसवायला गेला. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि बाबा गेटवर आहेत. रोवणीच्या, भात लावायच्या दिवसांत ते येऊ शकत नाहीत, म्हणून मीही येऊ शकत नाही. बाकी रोज. कॉलेजातल्या सगळ्यांना ते माहीत झालेत. पोरी त्यांना काका म्हणतात, सर त्यांना नमस्कार करतात. मध्यंतरी आवाजाच्या वेगाचा प्रयोग होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि माझ्या आलेखात मधेच एक भलामोठा सुळका आला. सरांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, ‘‘बाबा.’’ सगळा वर्ग हसला. त्रुटीचं कारण लिहायचं असतं, तिथं मी लिहिलं, बाहेरील आवाज.

कारण हल्ली तो कोंबडा सारखा आरवतो. आईला आता बाबांची काळजी. ‘‘कुठी आहा? पोट्टी कुठी आहे? जेवले का?’’ मोठेबाबांचा वेगळा फोन, धान्य बाजारवाल्याचा वेगळा. परवा मी दुपारी गेटवर गेले तर बाबा वैतागून बसले होते. माझ्या हातात त्यांनी आपला फोन ठेवला.

‘‘ते विमानवालं कुठी दाबाचं असते वं?’’

मी म्हटलं, ‘‘काहून?’’

‘‘घडीभर चैन नाही पडू देत हे लोकं. कुठी आहा, कुठी आहा. कुठी जातो मी? इथीच त बसलो आहो.’’

मी दाबून दिलं. ते छोटं विमान वर उमटलं. बाबांनी फोन उलटासुलटा करून पाहिला, खिशात टाकला, भिंतीला पाठ टेकवली आणि पाय लांब केले. त्यांना असे पाय पसरून बसलेले मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. बरं वाटलं मला, आणि त्याच क्षणी असा राग आला की सांगता सोय नाही.

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘माह्यासाठी बी असं एखादं बटण असन का कुठी?’’

बाबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. ‘‘तुले कायले पायजे?’’ म्हणाले. ‘‘तुले आता कोण फोन करून राहिलं?’’

खरंच होतं. मला आता कोणीच फोन करत नाही. तासाची घंटा झाली होती, मी आत गेले.